न धुतलेला शर्ट

मंडळी, आज दवाखान्यात भरती असलेल्या नवऱ्याच्या खोकल्याचं सांगायला गेले, तर नर्स म्हणाली, "आजी, मध्ये बोलू नका."

चाळीस वर्षांपूर्वी महाडात हेच ऐकलं होतं. हे तेव्हा एमआयडीसीत केमिकलच्या कामावर होते. धाप लागली, दवाखान्यात ठेवलं, डॉक्टर म्हणाले दमा. मी कामाचं काढलं की, "मध्ये बोलू नका!"

मग मी घरून यांचा न धुतलेला ड्युटीचा शर्ट आणला आणि डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवला. केमिकलच्या वासाने नाक दाबून ते म्हणाले, "बाई, आता सगळं सांगा." औषध बदललं. आठवड्यात हे स्वतःच्या पायांनी घरी आले.

आज मी तोंड उघडायच्या आत हेच खाटेवरून म्हणाले, "पोरी, बोलू दे तिला. ती बोलली म्हणून मी हाय."

नर्सने पेन काढलं.

तुमच्या घरी मध्ये बोलणारं कोण?