दारात कोन? पंचेचाळीस!

१९६३ साली इस्रायलमधल्या अश्केलोनच्या आमच्या घरात टेबल एकच होतं, आणि भूमितीत मला मार्कही एकच होता. त्या टेबलावर आम्ही जेवायचो, आई इस्त्री करायची आणि रात्री धाकटी झोपायची. आठवड्यानं परीक्षा होती. नापास झाले तर शाळा बंद, आणि बाबांच्याच गिरणीत कामाला!

"माझी पोर गिरणीत जायाची नाय!" बाबा गरजले. आम्ही इस्रायलला यायच्या आधी मुंबईत ते एका क्लबात बिलियर्डचे मार्कर होते. (म्हणजे साहेब खेळायचे आणि बाबा गुण मोजायचे. बाबांचं ऐकाल तर साहेब नुसती काठी धरायचे!) त्यांनी टेबलावर घोंगडी ताणली, कडेनं सायकलची ट्यूब ठोकली, झाडूचा दांडा घेतला. चेंडू? संत्री! (संत्रं गोल नसतं, ही भूमिती मी तेव्हाच शिकले.)

"चेंडू कुशनला, म्हंजे या ट्यूबला, ज्या कोनात लागतो, त्याच कोनात परत फिरतो. बोल आता, कोन?"

"कोन?" मी दाराकडे पाहिलं.

"अगं, कोन!"

"कोन आलंय?" आई लाटणं घेऊन धावली.

दोष जिभेचा. आमच्या कोकणी जिभेला 'ण' कधी पेललाच नाही. कोण म्हणजेही कोन आणि कोन म्हणजेही कोन! शाळेत तर सगळंच हिब्रूत, त्यामुळे बाबांचा हा कोन माझ्या कानाला नवाच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दार खरंच वाजलं.

"कोन?" आई ओरडली.

"केन!" बाहेरून उत्तर. (हिब्रूत केन म्हणजे हो.)

"अवो, पन कोन?"

"केन, केन!"

"पंचेचाळीस!" मी टेबलापासून ओरडले आणि दांडा हाणला.

आईनं दार उघडलं. संत्रं ट्यूबवर आपटून उडालं ते थेट पाहुण्याच्या पोटात! पाहुणे म्हणजे आमचे गणिताचे सर. मला परीक्षेला बसवावं की नाही, हेच बोलायला आलेले.

"झालं! पोर गेली गिरणीत!" आईनं कपाळाला लाटणं लावलं.

सरांनी संत्रं उचललं. ट्यूब पाहिली. टेबलापासून स्वतःच्या पोटापर्यंत हवेत बोट फिरवलं.

"किती अंश?" त्यांनी हिब्रूत विचारलं.

"पंचेचाळीस," मी रडवेली. "जातानाही आणि येतानाही."

"मग उद्या वेळेवर ये," म्हणाले, आणि पुरावा सोलून खाल्ला!

मी पास झाले. पुढे कॉलेजही केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मीच. फक्त दार वाजून कुणी "कोन?" विचारलं, की ही पदवीधर बाई अजून आकडाच सांगते!