तीन ओळींची शिफारस

दवाखान्यात येणारे लोक तिला पट्टीवाली म्हणत. दवाखाना जनावरांचा. खरं तर पट्ट्या बांधणं हे तिच्या पन्नास कामांतलं एक. नखं कापणं, सलाईन लावणं, पिसाळलेल्या बोक्याला टॉवेलात गुंडाळणं आणि बोक्याहून जास्त पिसाळलेल्या मालकाला बाकावर बसवणं, हेही तिचंच काम. पण एकदा नाव पडलं ते पडलं. अकरा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बँकेत कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती दोन क्षण इकडेतिकडे बघायची.

पट्टीवालीला डॉक्टर व्हायचं होतं, जनावरांचीच. वय तेहतीस. पशुवैद्यक कॉलेजचा नियम असा की एका माणसाला आयुष्यात तीनदाच अर्ज करता येतो. दोनदा करून झाला होता आणि दोन्ही वेळा कॉलेजने तिच्या तोंडाला पानं पुसली होती. आता तिसरा, आणि तो गेला की मग विषय संपला.

अर्ज बारा पानांचा. मार्क, अनुभवाचे तास, एक निबंध, दोन शिफारसपत्रं. शेवटच्या पानावर एक रकाना होता: अडीअडचणीला कोणाला कळवावे. पहिल्या अर्जात तिथे तिने आईचं नाव लिहिलं होतं. अर्ज पोचला आणि तीन महिन्यांत आई गेली. दुसऱ्या अर्जात भावाचं लिहिलं. पण भाऊ राहायचा परदेशात, इकडे दिवस असताना तिकडे तो झोपलेला. इथे अडचण आली तर तो उठेपर्यंत अडचण जुनी व्हायची. या वेळी तिने रकाना कोराच ठेवला.

भाऊ दर रविवारी फोन करायचा. "ताई, अर्ज भक्कम कर. सगळं त्यावर असतं," असं सांगायचा. म्हणजे काय करू, असं विचारलं की म्हणायचा, "म्हणजे भक्कम गं." लांबून सल्ला देणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला पुढचा प्रश्न येईपर्यंत वेळ संपतो. फोन ठेवला की पट्टीवाली एक माणूस झोपेल एवढ्या पलंगावर बसायची आणि समोरच्या भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघायची. खोली शिवणकामाच्या दुकानावर होती. इतर दिवशी खालून मशिनचा आवाज यायचा, रविवारी तोही नसायचा. रविवार तिला अजिबात आवडत नसे.

शेवटी तिने सरळ कॉलेजची खिडकी गाठली. खिडकीतल्या बाईंनी आधी 'कारण सांगता येत नाही' या नियमावर बोट ठेवलं, मग हिचं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मागच्या वर्षीची फाईल काढली.

"मी सांगितलं म्हणू नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन गोष्टी कमी पडल्या. एक म्हणजे मोठ्या जनावरांचा अनुभव नाही. सगळी कुत्री-मांजरंच. आणि दुसरं, तुमच्या डॉक्टरांचं पत्र."

"वाईट लिहिलंय?"

"वाईट कुठलं. तीनच ओळी आहेत. 'काम नीट. हात स्थिर. तक्रार नाही.' बाकीच्यांची दोन-दोन पानं असतात हो. समितीला वाटतं, डॉक्टरांच्या मनात काहीतरी असणार."

पट्टीवाली बसने परत आली. अकरा वर्षं एकाच छपराखाली काम केलं. त्या माणसाच्या हातात न मागता कात्री दिली, चष्मा शोधून दिला, त्याच्या बायकोच्या आजारपणात आठ महिने दवाखाना एकटीने उघडला. जगात आता आपल्याला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस तो, आणि त्याला आपल्याबद्दल सांगण्यासारखं सापडलं ते तीन ओळींत मावलं. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला फक्त फार एकटं वाटलं.

मोठ्या जनावरांची सोय करता येण्यासारखी होती, ती तिने केली. गावाबाहेर साठ गाईंचा गोठा होता. तिथे ती पहाटे साडेचारला हजर व्हायची आणि नऊला दवाखान्यात. पहिल्याच आठवड्यात एका गाईने मांडीवर असा पाय झाडला की पंधरा दिवस जिना एकेक पायरी करून चढावा लागला. दुसऱ्या महिन्यात तिने खांद्यापर्यंत हात घालून एक वासरू ओढून काढलं. ते उभं राहायला धडपडत असताना ती शेणात बसून हसत होती. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण तो मंगळवार होता आणि भावाचा फोन रविवारी यायचा.

गोठ्याच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, मोठ्या बोलघेवड्या. तीन महिन्यांनी शिफारसपत्र मागितलं तर त्यांनी जागेवर बसून दीड पान खरडलं आणि वर मोठ्याने वाचूनही दाखवलं. त्यात पट्टीवाली कधीही थकत नव्हती, गाई तिची वाट बघत होत्या आणि तिच्या पायगुणाने दूध वाढलं होतं.

"काकू, दूध पेंड बदलली म्हणून वाढलं."

"असू दे गं. तुझ्या वेळेला वाढलं ना? मग तुझंच."

तीन महिन्यांच्या ओळखीवर दीड पान, आणि अकरा वर्षांच्या ओळखीवर तीन ओळी. हा हिशोब कुठे मांडायचा तिला कळेना.

दवाखान्यात ती आणि डॉक्टर, दोघंच. डॉक्टर चौसष्ट वर्षांचे, बोलण्यात अतिशय कंजूष. बायको गेल्यापासून तर जेवढं जनावरांशी बोलत त्याच्या निम्मंसुद्धा माणसांशी बोलत नसत. पट्टीवालीला ते 'तुम्ही' म्हणत आणि शक्यतो 'बघा जरा' एवढ्यावर काम भागवत. चारला चहा यायचा. डॉक्टर आपला कप घेऊन आतल्या खोलीत जायचे, ती बाहेर काउंटरवर प्यायची. मध्ये एक भिंत. चहाबरोबर चार वर्षांपासून बिस्किटांची बशीही यायला लागली होती. "मालक लोकांसाठी आहे," असं डॉक्टरांनी चहावाल्याला सांगितलेलं तिने ऐकलं होतं. चार वाजता दवाखान्यात एकही मालक नसायचा, त्यामुळे बिस्किटं तीच संपवायची. वाया कशाला घालवायची?

अर्जाची मुदत बारा दिवसांवर आली होती. पत्राचा विषय काढायला तिचा धीर होत नव्हता. तेवढ्यात वर्षअखेरची आवराआवर निघाली.

दवाखान्यात प्रत्येक जनावराचा केसपेपर असे, हाकेच्या नावाने लावलेला. वर्षभरात जी जनावरं गेली त्यांचे कागद डॉक्टर स्वतः कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचे. ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. या वर्षी त्यांचा उजवा गुडघा इतका सुजला होता की खाली बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बघा जरा." मग ते एका आजारी घोड्याला बघायला निघून गेले.

ती फरशीवर मांडी घालून बसली. कागद लावता लावता तिला एक गोष्ट दिसली. अकरा वर्षं डोळ्यांसमोर होती, पण कधी ध्यानात आली नव्हती. ज्या जनावराचा कागद जाड, त्याची तब्येत तोळामासा. एका म्हाताऱ्या कुत्र्याचे नऊ कागद होते: कधी उलटी झाली, कधी शेपूट हलवली, कुठल्या पायावर भार देत नाही. आणि धडधाकट, चौदा वर्षं सुखाने जगलेल्या मांजराचा एकच कागद, त्यावर दर वर्षी एक ओळ: 'वजन ठीक. डोळे स्वच्छ. तक्रार नाही.' शेवटचा रकाना 'पुन्हा कधी दाखवायचे'. तिथे लिहिलेलं: 'गरज नाही.'

डॉक्टरांच्या लेखी याहून मोठं कौतुकच नव्हतं. जे बिघडलंय ते लिहायचं. जे उत्तम आहे त्याबद्दल काय लिहिणार?

ती हे मनाशी जुळवत होती, तोवर 'प' अक्षरात 'परी' नावाच्या मांजरामागे एक कागद हाताला लागला. वर लिहिलं होतं: पट्टीवाली.

गेलेल्या जनावरांच्या कप्प्यात आपला कागद बघून तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग लक्षात आलं की कुलूप असलेला कप्पा तेवढा एकच आहे. तिने वाचायला घेतलं. अक्षर तेच, औषधांच्या चिठ्ठीवरचं.

'नवीन. वय बावीस. हात स्थिर. तक्रार नाही.' त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही.

'मनगटाला मांजर चावलं. लपवलं. इंजेक्शन दिलं.'

मग चार वर्षांपूर्वीची तारीख. 'आई गेली. तिसऱ्या दिवशी कामावर. रडली नाही.'

'डबा न खाता परत नेते. वजन उतरलं.'

'उपाय: चारच्या चहाबरोबर बिस्किटं. मालकांसाठी आहेत असे सांगणे.'

'बिस्किटं खाते. सुधारणा.'

आणि शेवटची नोंद मागच्या वर्षीची. 'कॉलेजने घेतलं नाही. दिवसभर गप्प. कारण कळत नाही. पत्र उत्तम दिलं होतं.'

पट्टीवाली तिथेच, फरशीवर, चार वर्षांचं रडली. मग उठून तोंड धुतलं, कागद परीच्या मागे होता तसा ठेवला आणि कप्प्याला कुलूप लावलं.

डॉक्टर परत आले. तिने किल्ली दिली आणि ती समोरून हलली नाही.

"डॉक्टर, शिफारसपत्राबद्दल बोलायचं होतं."

"देतो की. दर वेळी देतो."

"या वेळी मी ठीक आहे असं लिहू नका."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे?"

"आजारी जनावरावर लिहिता ना, तसं लिहा. पहिल्या दिवसापासून. काय झालं, कधी झालं, मी काय केलं. कॉलेजवाल्यांना तीन ओळी म्हणजे काहीतरी लपवल्यासारखं वाटतं."

"धडधाकट माणसावर पानं भरू?"

"हो."

"मी खोटं लिहीत नाही."

"खोटं नकोच मला. जे पाहिलंत तेच लिहा."

डॉक्टर बराच वेळ गुडघा चोळत राहिले. त्यांना मागची दोन पत्रं आठवत असावीत. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला.

"म्हणजे माझ्यामुळे दोन वर्षं..."

"तसं नाही, डॉक्टर."

"तसंच आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल मला."

दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यांनी पाकीट दिलं, चिकटवलेलं, जोडावर सही केलेलं, कॉलेजचा नियम होता तसं. जाड होतं. आत काय आहे ते तिला कधीच कळणार नव्हतं. कॉलेजच्या खिडकीत उभं राहून तिने शेवटच्या पानावरच्या कोऱ्या रकान्यात डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याचा नंबर लिहिला. पुढे 'नाते' असं विचारलं होतं. तिथे ती पेन घेऊन अडली. मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा तिने 'अकरा वर्षे' असं लिहिलं आणि कागद आत सरकवला.

मुलाखतीत समितीच्या मध्यभागी बसलेल्या बाईंनी काकूंचं पत्र बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.

"तुमच्या डॉक्टरांनी लिहिलंय की जनावराला शेवटचं इंजेक्शन द्यायचं असलं आणि मालकाला बघवेना, तर मालक बाहेर जातो आणि तुम्ही आत थांबता. डॉक्टर आत येण्याआधी तुम्ही जनावराशी बोलता, आणि ते दाराबाहेर उभे राहून ऐकतात. काय बोलता?"

त्या खोलीत आपलं बोलणं कुणी ऐकत असेल हे पट्टीवालीच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "मी आहे इथे, एवढंच."

महिन्याभरात प्रवेशाचं पत्र आलं. तिने ते डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "होस्टेलचं जेवण कसं असतं?"

"माहीत नाही."

"बघा जरा," डॉक्टर म्हणाले आणि आपला कप घेऊन आत गेले. तिने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कप बशीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. चार वर्षं तो माणूस आत बसून तिची बिस्किटं मोजत होता, आणि आत जाऊन बसावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा कप घेऊन आत गेली. दोघांनी न बोलता चहा संपवला. उरलेले वीस दिवसही तसेच गेले.

तिच्या जागी येणारी नवी मदतनीस सोमवारी रुजू होणार होती. शनिवारी दवाखाना बंद करण्याआधी पट्टीवालीने एक कोरा केसपेपर काढला आणि लिहून रोजच्या कप्प्यात, नव्या बाईच्या हाताला पहिल्याच दिवशी लागेल असा, 'ड' अक्षरात ठेवला.

'डॉक्टर. वय चौसष्ट. हात स्थिर. उजवा गुडघा दुखतो, सांगत नाहीत. चारचा चहा एकटे घेतात. उपाय: आपला कप घेऊन समोर जाऊन बसणे. बोलतील असे नाही. तरी बसणे.'

शेवटच्या रकान्यात, पुन्हा कधी दाखवायचे, तिथे तिने लिहिलं: 'रोज.'