बुधीबाईने परत करायला लावलेलं पोतं

खापरचा बाजार होता. मी सोळा-सतरा वर्षांची नवी नवरी, आयुष्यात पहिल्यांदा सुक्या बोंबलांची टोपली मांडून बसले होते... आणि तोऱ्यात बसले होते, कारण माल माहेरचा होता!

आता मी नव्वदी कधीच ओलांडली. नात टाइप करतेय, मी सांगतेय. गोष्ट स्वातंत्र्याच्या थोडी आधीची.

माझं माहेर डहाणूकडचं, अगदी समुद्राला लागून. सासर इकडे सातपुड्याच्या पायथ्याला, खापरला, सुक्या मासळीचा धंदा. त्या वर्षी माझ्या दादाने नवं जाळं घेतलं होतं आणि पहिलं पोतं रेल्वेने नंदुरबारला, तिथून बैलगाडीने आमच्या दारात पाठवलं होतं. मासळीवाल्यांना बाजाराच्या अगदी टोकाला जागा... तरी समोरच्या मारवाडी शेटजींच्या नाकाला उपरणं होतंच.

तेवढ्यात बुधीबाई आली. नर्मदेकाठच्या मणिबेलीची, दोन दिवस चालून चारोळी विकायला यायची. घरी त्यांची बोली वेगळी, पण बाजारात सगळ्यांसारखी अहिराणी बोलायची; मीही सासरी येऊन तीच उचलली होती.

तिने एक बोंबील उचलला, आपल्या पंजावर लांबीने धरून मापला. तिचं माप मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बोंबील अर्ध्यातच संपला.

"हाई मासानं पोरगं शे," ती म्हणाली. "आम्हना गावमा एवढं न्हानं सापडनं ते पाणीमा सोडी देतस. यासले कोनी धरं?"

मला असा राग आला! दादाच्या मालाला नाव ठेवते म्हणजे काय? "अवं बाई, सुकना का आखडस तो," मी ठसक्यात सांगितलं. "भिजाडीसन दखाडू का?"

"दखाड."

झालं. वाडग्यात पाणी घेतलं, बोंबील टाकला. चार बाया जमल्या. शेटजीसुद्धा नाक दाबून डोकावायला आले... जन्मात मासा न शिवलेला माणूस!

बोंबील फुगला. जाड झाला, मऊ झाला. पण लांबीला जेमतेम नखभर वाढला. बुधीबाईने परत पंजावर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. बोंबील परत वाडग्यात सोडला आणि निघून गेली. बाकीच्या बायाही गेल्या.

खरं सांगू? मला आधीच माहीत होतं. कोळ्याची लेक मी, पोत्याचं तोंड सोडलं तेव्हाच कळलं होतं की नव्या जाळ्याची वीण फार बारीक आहे, पिल्लंही निसटत नाहीत. पण माहेरचं म्हटल्यावर मी डोळेझाक केली. त्याची लाज आजही वाटते.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, पोतं परत पाठवा. हे घाबरले. माहेरचा माल परत करायचा म्हणजे दादाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. तो पुन्हा माझं नाव काढेल की नाही, सांगता येत नव्हतं. रात्रभर रडले, पण सकाळी पोतं गाडीत चढवलं.

पंधरा दिवसांनी दादा स्वतः दारात उभा. डोळे लाल. पाणीसुद्धा घेतलं नाही. "तुला काय अक्कल आलीय डोंगरात येऊन? समुद्र काय आटतो काय?"

नशिबाने बाजाराचा दिवस होता. हाताला धरून त्याला बुधीबाईपुढे नेऊन उभं केलं.

तिला त्याची भाषा धड कळेना, त्याला तिची. तिने मातीत बोटाने नदी काढली. हा डोह, तो डोह, इथे सगळं गाव मिळून मासे धरतं... आणि एका डोहावर हात आडवा ठेवला. इथे कोणी जायचं नाही.

"कसाले?" मी विचारलं.

"बी ठेवनं पडस ना, भाऊ," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, दादाकडे बघून.

दादा उकिडवा बसला. मग त्यानेही मातीत समुद्र काढला, भरती काढली, आपलं जाळं काढलं. दोघं किती वेळ बोटांनी बोलत होते कोण जाणे. चारोळी तशीच राहिली.

जाताना माझ्याशी मात्र धड बोलला नाही. नुसतं "बघतो" म्हणाला. वर्षभर निरोप नाही, चिठ्ठी नाही. सणाला बोलावणं नाही. मी समजून चुकले, माहेर तुटलं.

पुढच्या हंगामात अचानक गाडीवान दारात. माहेरचं पोतं घेऊन. अर्धंच होतं... वरचा निम्मा भाग रिकामा लटकत होता. आणि दादाचा निरोप: "जाळ्याचं मासे साठणारं शेपूट उसवून मोठ्या विणीचं केलं. यंदा एवढंच. रागावू नको."

ते अर्धं पोतं मी उराशी धरून रडले हो. घरभर वास सुटला तरी सोडवेना.

बुधीबाईने समुद्र कधी पाहिला नाही. एकदा न्यायचं ठरवलं होतं आम्ही... राहून गेलं. तिचे उपकार कुठे सांगायचे राहिले होते, म्हणून आज इथे सांगितले.