वृंदाचा कोरा हात

वृंदाच्या हातावर काहीच उठलं नाही, तेव्हा कालिंदीने देवापुढे साखर ठेवली.

वृंदा तिची धाकटी नणंद. सासूबाई क्षयाने गेल्या तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं कालिंदीनेच केलं, आणि नवऱ्याची, मुकुंदरावांची, बदली कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली तेव्हा तिला बरोबर आणलं. आता, त्रेपन्न साली, नागपूरच्या गुरुदत्तशी तिचं जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी आडून एवढंच विचारलं होतं, "आईचं दुखणं मुलीत नाही ना?"

याचं उत्तर आपल्याकडे आहे, असं कालिंदीला वाटलं. त्या हिवाळ्यात शाळेतल्या बीसीजीच्या शिबिरात ती मदतीला जायची. लस टोचण्याआधी हातावर एक बारीक सुई टोचत. तिसऱ्या दिवशी तिथे लाल गाठ उठली तर क्षयाचे जंतू कधीतरी अंगात शिरलेले. नाही उठली तर हात कोरा, मूल निर्धोक. शेकडो पोरांचे हात तिने असे चाचपून पाहिले होते. वृंदालाही ती तिथे घेऊन गेली.

"बघा वन्सं, कसा गुळगुळीत आहे!" कालिंदी थट्टेने म्हणाली.

"म्हणजे आता नागपूरकर मला पदरात घेणार म्हणायचे!"

शिबिराच्या डॉक्टर नियोगींनी मात्र वृंदाच्या गळ्याखालची वर आलेली हाडं पाहून म्हटलं, "एकदा छातीचा फोटो काढा." मुकुंदराव तयार झाले. कालिंदीच म्हणाली, "हात कोरा असताना फोटो कशाला? नागपूरला कळलं तर नसती शंका घेतील."

तारीख ठरली. कलकत्त्यातली मराठी घरं ती किती! प्रत्येकाने केळवणाचा हट्ट धरला. बालीगंजच्या सुचित्राबाईंनी तर इथलं गोड दही श्रीखंडाच्या कामाचं नाही म्हणून घरी विरजण लावून चक्का बांधला. वृंदाने दोन घास खाल्ले.

"आत्तापासूनच भूक मेली हिची," बायका हसल्या. "नागपूरला जाऊन काय, नवऱ्याकडे बघतच बसणार?"

वृंदाही हसली. हात धुवायला उठली, आणि भिंतीला धरून खाली बसली. कालिंदीने कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं. संध्याकाळची कणकण इथल्या दमट हवेने येते, असं महिनाभर तीच सगळ्यांना सांगत आली होती.

मग फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत राजगिरा सांडावा तसे पांढरे कण.

"पण डॉक्टर, हात कोरा होता!"

नियोगी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "गाठ जंतूंनी येत नाही, शरीर त्यांच्याशी भांडतं म्हणून येते. हे जंतू फार पोचलेले. त्यांना गिळायला धावणाऱ्या पेशींतच ते बिऱ्हाड करतात, तिथेच वाढतात. आणि असे अंगभर पसरले की कधीकधी शरीर भांडणंच सोडून देतं. तुम्ही पाहिलात तो हात निर्धोक नव्हता, थकलेला होता."

बी.ए.पर्यंत शिकलेल्या कालिंदीला एवढंही विचारता आलं नव्हतं, की कोरा हात नेहमी एकच गोष्ट सांगतो का.

इस्पितळात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू झाली, नव्या गोळ्याही आल्या. नागपूरहून नकार आला. तो वृंदाला कुणी सांगितला नाही, तिनेही विचारलं नाही. काही आठवड्यांनी नियोगींनी पुन्हा तीच सुई टोचली. "आता उठली तर बरं. शरीर जागं होतंय असं समजू."

ज्या गाठीला कालिंदी इतकी भ्यायली होती, तीच आता ती मागत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वृंदाचा हात खिडकीकडे वळवला. अंगठा फिरवला. हलका दाबून पुन्हा फिरवला. निळ्या शिरा, आणि काहीच नाही.

"उठलंय का गं, वहिनी?" वृंदाचे डोळे मिटलेलेच होते.

"उठलंय. चांगलं बोराएवढं."

"खरंच? दाखव."

"आधी दूध घे."

कितीतरी दिवसांनी वृंदा पूर्ण पेला प्यायली. ओठावरची साय पुसत म्हणाली, "दादाला सांग, बरी होतेय म्हणून."

"सांगते," कालिंदी म्हणाली, आणि तिने चादर वृंदाच्या मनगटापर्यंत ओढली.