नजीर मान खाली घालून काय बघायचा

नजीरने मला एकोणीस वर्षं फसवलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच डोळे पुसत बसणार नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडच लिहायची पद्धत आहे. पण मी उलव्यात खुर्च्या आणि भांडी भाड्याने देण्यापासून सुरुवात करून साउंड सर्व्हिसची मालकीण झालेली बाई आहे, माल जसा असेल तसाच सांगते. नजीर माझा साउंडवाला होता. माझ्या टेम्पोतून फिरून, माझ्या मशीनवर बसून त्याने मला फसवलं, आणि तेही दरवेळी माझ्या डोळ्यांदेखत. मला कळलं ते तो गेल्यावर सात आठवड्यांनी.

बातमी आली तेव्हा मी एका मंडपवाल्याशी कापडाच्या दरावरून भांडत होते. सकाळचे दहा वाजले असतील. रेहानाचा, नजीरच्या बायकोचा फोन आला. "ताई, हे उठत नाहीत," ती म्हणाली. "चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि... उठतच नाहीत." मी ओरडले, "उठत नाही म्हणजे काय? परवा हळदीला साउंड लावायचाय त्याला!" माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. त्याची लाज अजून जात नाही. करंजाड्याला त्यांच्या घरी पोचले तर जिन्यात, खाली गेटजवळ, रस्त्यापलीकडे माणसंच माणसं. मंडपवाले, जनरेटरवाले, केटरिंगवाले, आमच्या गावातल्या बायका, नवरा-नवरी झालेली आणि आता मुलंबाळं असलेली जोडपी. खरं सांगते, त्या गर्दीत उभी असताना माझ्या मनात आलं की मी मेले तर एवढे येतील का? आणि त्या विचाराने रडू यायच्या आधी राग आला.

राग जुना होता. साउंड माझा, कर्ज माझ्या नावावर, टेम्पोवर नाव माझं, पण लोक म्हणायचे नजीरचा साउंड. फोन मला यायचा आणि पहिला प्रश्न, "मंदाताई, नजीरभाई येणार ना?" मी येणार का, हे कुणी कधी विचारलं नाही. लग्नघरी जेवणाचं पहिलं ताट त्याला. नवरीचा बाप हात जोडायचा ते त्याच्यापुढे. मला म्हणायचे, "ताई, जरा हळू बोला, पाहुणे आहेत." तो शांत, हसरा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारा. मी भांडकुदळ. उलवे, करंजाडे, बेलापूर, सगळीकडे हीच ख्याती. त्याच्या शेजारी उभं राहिलं की मी होते त्याच्या दुप्पट वाईट दिसायची.

तो मला भेटला तेव्हा बेलापूरला एका गाळ्यात रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करत बसलेला असायचा. मी त्याला कामाला बोलावलं आणि पगारावर घासाघीस सुरू केली. मी एक आकडा सांगितला, तो हो म्हणायच्या आत आणखी खाली आणला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चालेल ताई. पण माझी एक अट हाय. आवाज लावताना तुमी स्वतः स्टेजजवळ उभं राहायचं. मालक समोर पाहिजे." मला इतकं बरं वाटलं! वाटलं, कमी पैशात माणूस मिळाला आणि वर मानही देतोय. आयुष्यात सगळ्यात चांगला सौदा कुठला, असं कुणी विचारलं तर मी परवापरवापर्यंत हाच सांगत होते.

नंतर आम्ही डिजिटल प्रोसेसर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माइकचा आवाज मिक्सरमधून या डब्यात जातो आणि तिथून मोठ्या बॉक्सकडे. डब्यात शिरताना तो किती जोराने घ्यायचा, हे आधी ठरवावं लागतं, त्याला इनपुट लेव्हल म्हणतात. दिवे असतात, हिरवा, पिवळा, लाल. कमी घेतला तर आवाज मेलेला येतो, मागून खरखर येते. जास्त घेतला आणि लाल लागला, की आवाज तिथेच फाटला. आणि आत शिरतानाच फाटलेला आवाज पुढे कुणाच्या बापाला शिवता येत नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाज किती येणार, हे कार्यक्रमाच्या आधी कळायला हवं, आणि त्याच्यावर थोडी जागा मोकळी सोडायला हवी. नजीर म्हणायचा, "हितंच सगळे फसतात ताई. तपासताना मानूस दवाखान्यात बोलल्यासारखा बोलतो. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. आनि कार्यक्रमात तोच मानूस बेंबीच्या देठापासून ओरडतो."

"मग तू काय करतोस?" मी विचारायची.

"अंदाज."

बस, एवढंच उत्तर. एकोणीस वर्षं. पण माझा साउंड कधी फाटला नाही. करंजाड्यात दुसरे एक साउंडवाले होते, आमच्याहून महागडी मशीन, मोठे बॉक्स, तरी त्यांचा आवाज कानात काचा भरल्यासारखा यायचा. आमच्या माइकवर लग्नाचे धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका टिपेला गेल्या तरी आवाज दुधासारखा. लोक नजीरकडे बघायचे. मी नजीरच्या हातांकडे बघायची.

त्याच्या हातांचं गुपित मला हवं होतं. ते मिळालं तर त्याची गरज संपली, असा सरळ हिशेब होता माझा. एकदा एका सत्काराच्या कार्यक्रमात तो नमाजला गेला तेव्हा मी मशीनवर वाकून इनपुटचा आकडा कागदावर उतरवून घेतला. त्या सेटिंगला त्याने नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत, ‘मंदा १’. मनात म्हटलं, चला, निदान मशीनमध्ये तरी मालकिणीचं नाव आहे. पुढच्या आठवड्यात सीबीडी बेलापूरला एका सरकारी साहेबांचा निरोप समारंभ होता. मी नजीरला मुद्दाम सुट्टी दिली. तोच आकडा लावला. तपासायला स्वतः माइकवर उभी राहिले, नीट, सावकाश, सभ्य बाईसारखी बोलले. त्या दिवशी मी कुणावरही ओरडले नव्हते, कारण मला सिद्ध करायचं होतं की मीही शांतपणे काम करू शकते. साहेब भाषणाला उभे राहिले. पहिली दहा मिनिटं छान. मग त्यांना जुने दिवस आठवले, हुंदका आला, हुंदक्यामागून ओरडणं आलं, "मी एकही फाइल अडवली नाही!" आणि त्या वाक्यावर आमचा आवाज असा फाटला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी विचारलंच, "नजीरभाई कुठायत?"

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ताई, तपासताना कोण बोललं?"

"मी. चांगलं हळू, स्पष्ट बोलले."

"भांडन-बिंडन काय झालं नाय?"

"नाही! का?"

"नाय, असंच," म्हणाला आणि केबल गुंडाळत पाठमोरा झाला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता. मला वाटलं, माझी फजिती झाली म्हणून हसतोय. महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

आता त्याची कामाची पद्धत सांगते, कारण ती मी एकोणीस वर्षं पाहिली आणि तरी मला दिसली नाही. सगळं जोडून झालं की तो मला हाक मारायचा, "ताई, जरा स्टेजवर माइकपाशी उभ्या राहा." मी उभी राहायची. आणि नेमकी त्याच वेळी काहीतरी माती खाल्लेली असायची. "ताई, लांबची वायर गाळ्यावरच राहिली वाटतं." "ताई, टेम्पोवाल्याला मी परत यायचं भाडं वेगळं कबूल केलं." "ताई, पार्टी म्हणत होती करंजाडेवाल्यांचा साउंड जास्त भारी." मग माझा जो पट्टा सुटायचा! अक्कल काढायची, बेलापूरचा गाळा काढायची, तुला कुठून उचलून आणला हे काढायची. आणि मी ओरडत असताना नजीर मान खाली घालून मशीनकडे बघत बसायचा. मला वाटायचं शरमतोय. कधीकधी दयाही यायची. मी दमले की तो हळूच म्हणायचा, "झालं ताई. आता पानी प्या." आणि थोड्या वेळाने वायर सापडायची. पिशवीतच असायची.

तो गेला तेव्हाची हळद मी दुसऱ्या साउंडवाल्याला देऊन टाकली. पाच आठवड्यांनी उलव्यातच दुसरी हळद घेतली. नवीन ऑपरेटर शिकलेला होता, सर्टिफिकेटवाला. त्याने दुपारी नवऱ्या मुलाच्या मामाला माइकवर बोलायला लावलं, दिवे बघितले, म्हणाला, ओके मॅडम. मीही गप्प होते. भांडायला कुणी समोर नव्हतं. संध्याकाळी बेबीमावशीने धवले सुरू केले. मावशीने आमच्या गावातल्या निम्म्या लग्नांत धवले गायलेत, आवाज अजून खणखणीत. तिसऱ्या ओळीला ती वर गेली आणि बॉक्समधून पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. मावशी थांबली. सगळा मांडव थांबला. माइक बाजूला ठेवून ती माझ्याजवळ आली आणि विचारते कशी, "मंदे, आज भांडली नाय गो तू?"

"नाय मावशी. कोनाशी भांडू?"

"मंग बरोबर," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून बिनमाइकचीच गायला बसली.

ते दोन शब्द. मग बरोबर. मला झोपू देईनात.

त्याचा चाळिसावा दिवस होऊन गेल्यावर मी करंजाड्याला रेहानाकडे गेले. चहा घेतला, त्याच खुर्चीसमोर बसून. म्हटलं, "रेहाना, मी भांडले नाही की आवाज का फाटतो? मावशीला माहीत आहे, तुला माहीत आहे का?" ती आधी पदर तोंडाला लावून रडली, असं मला वाटलं. मग कळलं, हसतेय.

"ताई, आता तुमच्यापासून काय लपवायचं... ते तुमाला मुद्दाम चिडवायचे."

"का?"

"लेव्हल लावायला. ते म्हनायचे, खोटं ओरडनं कधी पुरत नाय, खरं ओरडनारा मानूस पायजे. आनि ताईंसारखा खरा आवाज नवी मुंबईत नाय. तुमचा आवाज जिथपर्यंत जायचा तिथं ते खूण करायचे, आनि वर थोडी जागा सोडायचे. मग त्या मांडवात कुनीबी कितीबी ओरडला तरी तुमच्या खालीच."

मी विचारलं, "आणि ते आकडे? मंदा एक?"

"पाच हायत ना! मंदा एक म्हंजे सत्कार, भाषन. तेवढ्याला वायर विसरली तरी चालायचं. मंदा तीन म्हंजे लग्न. आनि मंदा पाच..." तिला हसू आवरेना. "मंदा पाच म्हंजे हळद. त्याला करंजाडेवाल्यांचंच नाव काढायला लागायचं. एका हॉलचा आकडा दुसऱ्याला चालत नाय म्हनून दर वेळी नव्यानं चिडवायचे. घरून निघताना मला विचारायचे, आज काय विसरू?"

आज काय विसरू. नवरा-बायको सकाळी चहा पिता पिता माझा राग ठरवत होते. मी ते ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. फसवलं म्हणून झाली, पण त्याहून जास्त ती दुसऱ्याच गोष्टीने झाली. रेहानाला माहीत, मावशीला माहीत, रेहाना म्हणाली जनरेटरवाल्यालाही माहीत. त्या गमतीत सगळे होते. जिच्या आवाजावर सगळं उभं होतं तीच फक्त बाहेर. एकोणीस वर्षं मी त्याच्या कानावर, हातावर जळले, आणि तो जे वापरत होता ते माझं होतं. एकदा तरी सांगायचं की! "ताई, ही तुमची कमाई आहे," एवढं म्हटलं असतं तर... तर काय? मी ओरडताना मला कळलं असतं की मी ओरडतेय, आणि ते खोटं झालं असतं. तेवढं मला समजतं. समजतं म्हणून राग जात नाही.

तिथून मी सरळ गाळ्यावर आले. रॅकचं झाकण काढलं, प्रोसेसर चालू केला, एक माइक आणि एक बॉक्स जोडला. पडद्यावर नावं आली, मंदा १ ते मंदा ५. पाचवं लावलं आणि माइकसमोर उभी राहून ओरडले. वायर कुठे आहे, टेम्पोवाल्याला कुणी कबूल केलं, सगळं आठवून आठवून ओरडले. हिरवा. फक्त हिरवा. खोटं ओरडणं पुरत नाही, बरोबर म्हणायचा. मग दमले आणि मान वर केली. समोर त्याचं प्लास्टिकचं स्टूल होतं, बसून बसून एका बाजूला कललेलं. त्या स्टुलाकडे बघून मी म्हटलं, "नजीर, मला न सांगता गेलास?" एवढंच म्हटलं. मी फार मोठ्याने म्हटलं असेन असं मला वाटत नाही. पण पिवळा ओलांडून लाल लागला, आणि बॉक्समधून माझाच आवाज फाटून माझ्या अंगावर आला.

म्हणजे याला जागाच सोडली नव्हती त्याने. माझे पाच राग मोजले, नावं देऊन ठेवले, आणि हा सहावा मोजायच्या आधी निघून गेला. तो सुटला, त्याला आता काही विचारता येत नाही. म्हणून ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारते. रेहाना, बेबीमावशी, आणि मागे उभं राहून हसणारे तुम्ही सगळे... पुढच्या शनिवारी उलव्याला हळद आहे. मी चार वाजता स्टेजवर माइकपाशी उभी असेन. वायर विसरली म्हणून मला सांगायला कोण येणार आहे? नुसते हसू नका. उत्तर द्या.