वीस मिनिटं हलायचं नाही

तंजावूरच्या मातीत औषधालाही खडा सापडायचा नाही. कावेरीनं दिला तो सगळा गाळ. म्हणूनच की काय, तिथल्या फोटोवाल्या रघुपतीरावांना कातळाचं वेड लागलं. आणि वेड तरी कसलं! साल चौऱ्याण्णव, जो तो परदेशी निघालेला. दिवसभर स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायचे, आणि पौर्णिमा आली की सत्यनारायणाचा प्रसाद तोंडात टाकून मोपेडवरून पुदुकोट्टैकडच्या उघड्या कातळांवर पळायचं. चांदण्यात शटर वीस वीस मिनिटं उघडं ठेवलं की म्हणे दगडाचं खरं रूप उतरतं.

बायको कृष्णवेणी दर पौर्णिमेला म्हणायची, मलाही न्या. हे म्हणायचे, पुढच्या खेपेला. अशी नऊ वर्षं गेली. साऱ्या गावाचे चेहरे टिपणाऱ्या या गृहस्थानं लग्नानंतर बायकोचा एक फोटो काढला असेल तर शपथ!

त्या वर्षी ऐन थंडीतल्या मार्गळी महिन्यात मात्र ती पूजा आटोपून मोपेडपाशी उभीच राहिली. न्यावंच लागलं. तिला कातळावर बसवून त्यांनी बजावलं, "वीस मिनिटं हलायचं नाही." पाच मिनिटं बसली बिचारी. तेवढ्यात यांना थंडीनं शिंका सुटल्या आणि ती उठून आपली शाल यांच्या खांद्यावर घालायला आली. रघुपतीराव असे चिडले की उरलेली पंधरा मिनिटं तिच्याकडे पाठ करून कॅमेऱ्यापाशी उभे राहिले. फोटो धुतला तर कातळ लख्ख, आणि तिच्या जागी नुसता पांढुरका डाग. पुढच्या पौर्णिमेला नीट काढू, म्हणाले. त्याआधीच ती तापानं गेली.

मग रोज दुपारी दुकानाचं दार लोटून ते भिंग घेऊन त्या डागात तिचा चेहरा शोधायचे. नाक नाही, डोळे नाहीत. एकदा, फक्त एकदा तिला परत तिथं बसवता आलं असतं तर, असं वाटून त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

वर्षश्राद्धाला तिचा धाकटा भाऊ वादिराज मद्रासहून आला. कातळाचा फोटो त्याच्या मनात भरला. नव्या घरात लावायला मोठा करून द्या, म्हणाला, तेवढा मधला डाग ब्रशनं घालवा.

"डाग नव्हे तो, वादिराज," रघुपतीराव म्हणाले. "मला थंडी वाजली म्हणून ती उठली, ते आहे."

वादिराजनं डोळे पुसले आणि आहे तसाच मोठा करून मागितला.