सिगडीवर शेकलेला हात

फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या आमच्या ओळीत कोणाचं पोर खोकलं की मला बोलावत. मी चौथी शिकलेली, पण पोरं पाहून पाहून समजत गेलं. नाक गळतं, शिंका येतात, तरी पोर खेळतं, तर सर्दी. सकाळी धडधाकट आणि दुपारी अंग मोडून तापानं फणफणलेलं, तर फ्लू. बरगड्या आत ओढल्या जातात, तर सरळ दवाखाना. सहसा चुकत नसे. त्याचा मला माज होता.

गेल्या पौषात नवऱ्याला खोकला लागला. फॅक्टरीतून निवृत्त, ऐंशीला टेकलेला माणूस; क्वार्टर आता मुलाच्या नावावर. मी अंगणात सिगडीवर हात शेकत होते. तोच हात त्याच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार लागलं.

"सर्दी आहे. काढा घ्या अन् पडा."

"आई, ओमती मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना दाखवून आणू का?" सुनेनं विचारलं.

"ताप नाही त काहून नेतेस? तुझ्या मोबाईलले माझ्याहून जास्त समजते का?"

"राहू दे बेटा," नवरा म्हणाला. "माझी डॉक्टरीण घरातच बसून राहिली. फीस घेत नाही, फक्त शिव्या देते."

आम्ही तिघंही हसलो.

पुढचे तीन दिवस हेच. सकाळी सिगडी, मग हात, मग कपाळ. तो जेवेना, तर मी म्हणाले नखरे करतो. चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, ड्यूटीचा भोंगा झाला का? त्याला रिटायर होऊन वीस वर्षं झाली होती. छाती भरभर वरखाली होत होती. सुनेनं मला न विचारता थर्मामीटर लावला. एकशे दोन. माझा हातच तापलेला असायचा, त्याला कोणाचंही कपाळ गारच लागलं असतं.

दवाखान्यात न्यूमोनिया सांगितला. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कधी कधी ताप येतही नाही. श्वास पाहायचा, बोलणं पाहायचं. फार उशीर केलात."

दोन दिवसांनी तो गेला.

सून एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

परवा शेजारीण नातवाला घेऊन आली. मी सिगडीपाशीच होते.

"काकू, जरा हात लावून पाहा ना, ताप आहे का?"

मी दोन्ही हात शालीत घातले. "थर्मामीटर लाव. श्वास मोज. मला काही समजत नाही."

तिला वाटलं मी गंमत करते. हसली आणि पोराचं कपाळ माझ्यापुढे केलं.